समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांपाशी सापडलेली गोगलगाय ‘नवी प्रजाती’ आहे हे ठरवतात कसं? आणि २००१ मध्ये सापडलेल्या ‘लोखंडी’ गोगलगायीला नाव मिळायला २०१५ का उजाडलं? (मी बीएस्सीला आहे, याच विषयात काम करायचंय.)

पाणबुडी खाली गेली, दिव्याच्या उजेडात काहीतरी अनोळखी दिसलं आणि लागला शोध, असं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर असावं. बातम्याच तशा येतात, त्यामुळे तुमचा दोष नाही. मी गोगलगाई-शिंपल्यांच्या वर्गीकरणाचं काम करतो, तेही कोकणकिनाऱ्यावरच्या. अडीच किलोमीटर खोल मी कधी गेलेलो नाही. पण जीव एकदा बरणीत आला की पुढचं काम त्यांचं आणि आमचं सारखंच, आणि ‘नवी प्रजाती’ खरी सापडते ती त्या बरणीनंतर.

मुळात हे झरे सापडले तेव्हा जीवशास्त्रज्ञ बोटीवर नव्हतेच. फेब्रुवारी १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे २,५०० मीटर खोल, ‘अल्विन’ पाणबुडीतून भूशास्त्रज्ञ उतरले ते गरम पाण्याच्या शोधात. तिथे दिसले वीत-वीतभर लांबीचे पांढरे शिंपले. बोटीवर फॉर्मालिन जेमतेम होतं, म्हणून काही नमुने चक्क पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात ठेवले. त्या शिंपल्याचं मांस लालभडक, कारण त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन. शास्त्रीय नाव मिळालं १९८० मध्ये: कॅलिप्टोजेना मॅग्निफिका. तीन वर्षांत उरकलं म्हणजे आमच्या धंद्यात घाईच झाली म्हणायची.

आता गोळा कसं करतात ते. रिमोटवर चालणाऱ्या यानाला यांत्रिक हात असतो आणि ‘स्लर्प गन’ असते, म्हणजे पाण्यासकट जीव ओढून घेणारी नळी. डोळ्यांत भरणाऱ्या मोठ्या गोगलगाई हाताने उचलतात. पण नव्या प्रजातींपैकी कितीतरी दोन-पाच मिलिमीटरच्या असतात, मोठ्या शिंपल्यांच्या कवचावर चिकटलेल्या, समुद्रतळाशी कुणाला दिसलेल्याही नसतात. डेकवर शिंपले धुऊन ते पाणी बारीक चाळणीतून गाळलं की त्या हाती लागतात. सगळीकडे सडक्या अंड्यांचा वास, कारण तिथलं पाणी हायड्रोजन सल्फाइडने भरलेलं. मग वाटणी: काही नमुने अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी, काही फॉर्मालिनमध्ये शरीररचनेसाठी. फॉर्मालिन डीएनए खराब करतं आणि अल्कोहोलने मांस आक्रसतं, त्यामुळे एकाच बरणीत दोन्ही साधत नाही. नमुना एकच मिळाला असेल तर काय सोडायचं हे तिथेच ठरवावं लागतं.

यानंतर टेबलावरचं काम. गोगलगायीच्या तोंडात रॅड्युला नावाची दातेरी फीत असते. ती काढायला तोंडाचा भाग छाटून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचा. मांस विरघळतं, आणि बशीच्या तळाला केसाच्या तुकड्याएवढं काहीतरी उरतं. ते बारीक सुईने उचलून, धुऊन, सरळ पसरायचं. श्वास जोरात सोडला तरी ते उडून जातं आणि मग अर्धा तास शोधत बसा! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या फितीवर दातांच्या रांगा दिसतात, आणि मधला दात, बाजूचे दात, त्यांचे कंगोरे यावरून कुळ-प्रजातीचा अंदाज येतो. दुसरी खूण म्हणजे कवचाच्या टोकाला उरलेलं पिल्लूपणीचं इवलं कवच. त्यावरून पिल्लं आईने दिलेल्या बलकावर वाढली की पाण्यातलं खाऊन, हे कळू शकतं. पण झऱ्यांजवळच्या आम्लधर्मी पाण्यात नेमकं तेच टोक झिजून जातं. म्हणून तिथे लहान वयाचे नमुने सोन्याच्या मोलाचे.

शेवटी डीएनए. इथे डोळा किती फसतो त्याची दोन उदाहरणं देतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे.

पॅसिफिक आणि हिंदी महासागरातली अल्विनिकोंका ही केसाळ कवचाची गोगलगाय. १९८८ मध्ये तिची एकच प्रजाती नावाने नोंदली गेली. पुढे वेगवेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांचे जनुक तपासले तर गट स्पष्ट वेगळे पडले, जरी कवचं शेजारी ठेवून ओळखू येईनात. २०१४ मध्ये त्यातल्या आणखी पाच प्रजातींना नावं दिली गेली. एकीचं नाव स्ट्रमेरी, ‘द क्लॅश’ या पंक-रॉक बँडच्या जो स्ट्रमरवरून. काटेरी कवच पाहून पंक आठवणं स्वाभाविक आहे. म्हणजे दिसायला एक, निघाल्या अनेक.

उलट प्रकार तुमच्या लोखंडी गोगलगायीचा. हिंदी महासागराच्या मध्य कटकावर (म्हणजे समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर) कायरेई नावाचं झऱ्यांचं क्षेत्र जपान्यांना २००० मध्ये सापडलं, आणि पुढच्या वर्षी अमेरिकी मोहिमेला तिथे ही गोगलगाय मिळाली. पायावर कौलं शाकारल्यासारखे एकावर एक खवले, आणि खवल्यांवर व कवचावर लोहाच्या सल्फाइडचा काळा थर. त्यातलं ग्रेगाइट हे खनिज चुंबकीय, त्यामुळे खवले चुंबकाला चिकटतात. २००९ मध्ये सॉलिटेअर या क्षेत्रात तशाच गोगलगाई मिळाल्या, पण पांढऱ्या, लोहाचा थरच नाही. एक काळी, एक पांढरी. कुणीही दोन प्रजाती म्हणेल. जनुकांनी सांगितलं, एकच. सॉलिटेअरच्या पाण्यात लोह फार कमी. २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं, की खवल्यांमधल्या सूक्ष्म नलिकांतून गंधक बाहेर पडतं आणि पाण्यातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो. पाण्यात लोहच नसेल तर थर कशाचा बसणार?

तेव्हा ‘नवी’ हे एका खुणेवर ठरत नाही. कवच, रॅड्युला, आतले अवयव आणि डीएनए यांची साक्ष जुळली, आणि आधी नाव मिळालेल्या कुठल्याच प्रजातीशी ती बसली नाही, की मग एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून, म्हणजे त्या नावाचा अधिकृत मूळ नमुना म्हणून, संग्रहालयात जमा करायचा, वर्णन छापायचं आणि नाव द्यायचं. प्रसिद्ध झालेल्या वर्णनाशिवाय प्रजाती कागदोपत्री अस्तित्वातच नसते.

आता ती चौदा वर्षं. २००३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तिच्या खवल्यांवर लेख आला होता, पण औपचारिक नाव नव्हतं. २०११ मध्ये नैऋत्य हिंदी महासागराच्या कटकावरच्या लाँगची क्षेत्रातून आणखी नमुने मिळाले. त्यांवर चोंग चेन यांनी ऑक्सफर्डमध्ये काम केलं आणि २०१५ मध्ये सहकाऱ्यांसह क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम हे नाव प्रसिद्ध केलं. शरीर उघडल्यावर कळलं की अन्ननलिकेलगतची ग्रंथी फुगून तिच्यात जिवाणू राहतात आणि तेच अन्न पुरवतात. हृदय शरीराच्या सुमारे ४ टक्के, माणसाच्या मानाने अवाढव्य, कारण त्या जिवाणूंनाही प्राणवायू पोचवायचा असतो. माझं स्पष्ट मत विचाराल तर उशिराचं मोठं कारण माणसांची टंचाई आहे. बोटीसाठी पैसे मिळतात, बरणीसमोर बसणाऱ्यासाठी मिळत नाहीत.

आणि नाव ही नुसती हौस नव्हे. २०१९ मध्ये हीच गोगलगाय खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे ‘संकटग्रस्त’ म्हणून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत गेली. या कारणाने यादीत गेलेली ती पहिली प्रजाती. तेव्हा ती तीनच क्षेत्रांतून माहीत होती आणि त्यातली दोन खनिज-शोधाच्या परवान्यांखाली होती. नाव आणि वर्णन नसतं तर यादीत काय लिहिणार होते?

यात आपलाही संबंध आहे. २०१६ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी हिंदी महासागरातल्याच १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात सल्फाइड खनिजं शोधण्याचा १५ वर्षांचा करार केला, आणि गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ते काम पाहतं. करार करणाऱ्याला तिथल्या जीवसृष्टीचीही नोंद करावी लागते. म्हणजे बरण्या येणार, आणि त्या उघडून बसणारं कुणीतरी लागणार.

तुम्हाला यात उतरायचं असेल तर बोटीची वाट पाहू नका. अमावास्येच्या ओहोटीला मालवण किंवा रत्नागिरीच्या खडकांवर जा, आपल्या प्राध्यापकांना विचारून दोन-चार साध्या गोगलगाई आणा आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रॅड्युला काढून पाहा. पहिल्या काही तुटतील. एखादी न तुटता पसरता आली की मग पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्गीकरण शिकवणारा विभाग शोधा. असे विभाग थोडेच उरलेत, तेव्हा शोध आत्तापासूनच सुरू करा.