आकडा ९८, पण श्वास चालतोय का?

ऑपरेशननंतरच्या ऑक्सिजनबद्दल तेच ते प्रश्न फिरून येतात. या वेळी सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न : बाबांचं हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. तरी बाहेर आणलं तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. आमच्यापासून काही लपवलं का?

नाही. पूर्ण भूल दिल्यावर थोडा वेळ ऑक्सिजन बहुतेकांना देतात.

प्रश्न : एकदा ऑक्सिजन लावला की त्याची सवय लागते म्हणतात.

कोण म्हणतं? सवय लागत नाही. सीओपीडीसारखा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर मात्र तो बेतानं देतात, रक्तातला ऑक्सिजन साधारण ८८ ते ९२ टक्के राहील इतका. म्हणून असा आजार असल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.

प्रश्न : माझे मिस्टर खूप घोरतात, झोपेत मधेच श्वास थांबतो. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ते छान घोरत पडले होते, ऑक्सिमीटरवर ९८ होते, तरी सिस्टर सारख्या हलवून उठवत होत्या. दमलेल्या माणसाला झोपू का देत नाहीत?

त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा. तुम्हाला छान झोप दिसली, त्यांना अडलेला श्वास ऐकू आला. भुलीचा अंमल पूर्ण उतरलेला नसतो. दुखू नये म्हणून दिलेलं मॉर्फिन किंवा फेंटानिल मेंदूची श्वास घेण्याची ओढच कमी करतं. त्यात स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंश उरला असेल तर घसा ढिला पडतो, जीभ मागे सरकते.

आता त्या ९८ कडे या. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, मास्कमधून त्याहून बराच जास्त मिळतो. त्यामुळे मिनिटाला ६-७ श्वास चालले तरी रक्तात ऑक्सिजन पुरेसा दिसू शकतो. पण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वासच लागतो, ते काम मास्क करत नाही. तो साठला की माणूस आणखी गुंगतो, श्वास आणखी मंदावतो, आणि बोटावरचा चिमटा बापडा ९८च दाखवत राहतो. आकडा घसरेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून श्वास मोजायचे, हाक मारून ओ देतो का पाहायचं. नातेवाईक मॉनिटरच्या पडद्याकडे टक लावून बसतात, रुग्णाच्या छातीकडे कुणी बघत नाही!

आणि घोरण्याची, झोपेत श्वास थांबण्याची ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी सांगायची. भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा ‘घोरतात थोडेसे’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या कुठल्याही ऑपरेशनआधी मिस्टरांची स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्या. सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) लागलं तर ते दवाखान्यात सोबत न्या, घरी कपाटात ठेवून येऊ नका.

प्रश्न : स्प्रेसारखा ऑक्सिजनचा छोटा डबा मिळतो. घरी आणून ठेवू का?

काही मिनिटांत संपणारी वस्तू आहे, विकणारे ते सांगत नाहीत. घरी खरोखर ऑक्सिजन लागणार असेल तर किती लिटर, किती तास, हे डॉक्टर लिहून देतात. त्यांनी लिहिलं नसेल तर त्यांनाच विचारा, दुकानदाराला नको.

प्रश्न : आईला ऑपरेशननंतर श्वासाच्या व्यायामासाठी तीन बॉलचं यंत्र दिलंय. ती जीव खाऊन फुंकते, बॉल जागचे हलत नाहीत.

फुंकायचं नाही, ओढायचं. सावकाश, टाक्यांवर उशी दाबून धरून. दुखण्यामुळे ओढता येत नसेल तर वेदनाशामकाबद्दल डॉक्टरांशी बोला. दुखतं म्हणून उथळ श्वास घेत राहिलं की फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो.

प्रश्न : ऑपरेशन चार दिवसांवर आहे. आता सिगारेट सोडली तर उलट कफ वाढतो, असं मित्र म्हणतो.

मित्राचं ऐकू नका, आजच सोडा. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एका दिवसातच बराच उतरतो. फुप्फुसं सुधारायला चार आठवडे तरी हवे होते, ते तुम्ही घालवलेत. किती ओढत होता ते भूलतज्ज्ञांना खरं सांगा.

प्रश्न : ऑपरेशनला पाच दिवस झाले. कालपासून धाप लागते, ऑक्सिमीटर ९१ दाखवतो. तपासणीची तारीख सोमवारची आहे. तोवर थांबू का?

नाही. न्यूमोनिया असू शकतो, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा.