तुरुंगातल्या मनोरुग्णांसाठी काम करायचंय म्हणते, पाठवू का?

सोलापूर जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. लेक मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मानसिक आजार असूनही तुरुंगात पडलेल्या माणसांसाठी काम करायचं, हे तिच्या मनानं घेतलंय. आई विचारतात, ‘असलं कुठं करिअर असतं का? पोरीच्या जिवाला धोका नाही का? आणि उद्या स्थळ बघताना काय सांगायचं?’

ताई, नमस्कार.

करिअर आहे, आणि त्यात माणसं फार कमी पडतात.

काम कसं असतं ते सांगते. किरकोळ चोरीत धरलेला एक माणूस समजा. त्याच्या कानात आवाज येतात, त्यामुळे तारखेला न्यायाधीशांना धड उत्तर देता येत नाही. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार कुठून आणणार? घरच्यांनी नाद सोडलेला. गोळ्या चालू असतात, तेवढ्यात त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवतात, केसपेपर मागेच राहतो, गोळ्या तुटतात आणि आजार पुन्हा उसळतो. अशा वेळी समाजकार्यकर्ती केसपेपरची झेरॉक्स त्याच्याबरोबर जाईल हे बघते. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना गाठून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटकेचा अर्ज करायला लावते. गावी जाऊन भावाची समजूत घालते. सुटल्यावर गोळ्या कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळतील, तेही कागदावर लिहून देते. यातलं एक जरी राहिलं, तरी तो माणूस आतच राहतो किंवा पुन्हा आत येतो.

आसाममधले माचांग लालुंग 1951 साली पकडले गेले. त्यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. 1967 मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं कळवलं, तरी सुटका झाली 2005 मध्ये. 54 वर्षांत खटला चाललाच नाही. त्यांच्या कागदाचा पाठपुरावा करणारं कुणी नव्हतं, आणि तुमची लेक नेमकं तेच काम मागते आहे. मला तिचं कौतुक वाटतं.

कायदा आता बराच बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मानसिक उपचारांचं केंद्र असायला हवं. आजारामुळे आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नसेल तर खटला थांबवून उपचारांची सोय करायची, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पण खटला थांबला की माणूस विसरला जाण्याचीच भीती जास्त.

आता वाट कुठली? तिला समोर बसून ऐकायला, आजाराच्या मुळाशी जायला आवडत असेल तर चिकित्सालयीन मानसशास्त्र (क्लिनिकल सायकॉलॉजी). त्यासाठी एम.ए.नंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण लागतं. त्याचे नियम बदलताहेत, म्हणून फी भरण्याआधी संस्थेचं नाव परिषदेच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा. धावपळ, कोर्ट, कागद, घरभेटी यात ती रमत असेल तर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. पत्रावरून मला ती दुसऱ्या वाटेची वाटते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयाचंच एम.एस.डब्ल्यू. आहे, प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. याच संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून बंद्यांबरोबर काम करतो. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था आणि मुंबईचं निर्मला निकेतन हेही चांगले पर्याय आहेत.

पैशाचं स्पष्ट सांगते. सुरुवात बहुधा संस्थेच्या प्रकल्पावर, कंत्राटी आणि बेताच्या पगारावर होते. घरावर कर्ज असेल तर याचा आधी विचार करा. सरकारी जागा आहेत, पण मोजक्या. महिला व बाल विकास विभागात परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असतात, आरोग्य विभागात समाजसेवा अधीक्षक. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही कोर्टाने पाठवलेले रुग्ण येतात, तिथला अनुभव लाखमोलाचा.

जिवाच्या धोक्याची भीती मनातून काढा. तुरुंगात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि भेटीच्या वेळी कर्मचारी जवळपास असतात. मानसिक आजार म्हणजे मारकुटेपणा नव्हे. मला काळजी वाटते ती थकव्याची. महिनोन्‌महिने अर्ज पुढे सरकत नाही, घरचे दार उघडत नाहीत, तेव्हा चांगली चांगली मुलं खचतात. तिला सांभाळून घेणारे वरिष्ठ असलेली जागाच पहिली नोकरी म्हणून निवडा, चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

स्थळ बघताना जे काम आहे तेच सांगा. ज्यांना ते खटकेल, त्या घरात तिचं पुढे अवघडच झालं असतं.

परीक्षा संपली की तिला सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन जा. विधी स्वयंसेवक कसं व्हायचं, नवी निवड कधी आहे, हे तिथे विचारा. तुम्हीही बरोबर बसा. तिथे येणारी माणसं तुम्ही दोघींनी पाहिलीत की मला पुन्हा लिहा, मग प्रवेशाचं ठरवू.