आईच्या आजारपणात प्रार्थनाच होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत. आई इतके दिवस आयसीयूत आहे, आणि प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही, उलट देवाचा रागच येतो, हा पहिला. ‘विश्वास वाढवा, मग बघा’ असं मंडळीतल्या एकांनी सुनावलं, ते खरं का, हा दुसरा. आणि आठ वर्षांची लेक विचारते, ‘आपण प्रार्थना केलीय ना, मग आजी बरी होणार ना?’ तिला काय सांगायचं, हा तिसरा.

मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेलीही नाही. नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले, शाळेत शिकवते. यजमानांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर फार दिवस काढले. ते वारले, प्रभूमध्ये झोपी गेले. त्यामुळे अमुक प्रार्थना करा आणि आजार जाईल, असलं काही माझ्याकडून मिळणार नाही.

रागाचं आधी बोलू. तो पाप आहे असं कुणी सांगितलं तर त्यांना बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडायला लावा. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास नुसतं रडगाणं आहे, आणि मी हे आदरानेच म्हणतेय. तेराव्या स्तोत्रात ‘कोठवर, देवा, कोठवर’ असा धोशाच लावलाय. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कशीबशी स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं तेवढंही करत नाही, सरळ अंधारात संपतं. उपासनेत ते क्वचितच वाचलं जातं, पण शास्त्रातून काही कुणी काढून टाकलेलं नाही. आणि वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडी ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे आलं, तेही बाविसाव्या स्तोत्राचंच पहिलं वाक्य. तुम्ही देवावर चिडता, याचा अर्थ अजून त्याच्याशी बोलताय. चिडा.

आता शब्द फुटत नाही त्याबद्दल. मार्कच्या शुभवर्तमानात कफर्णहूम गावातली गोष्ट आहे. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. दारात ही गर्दी. मग ते छप्पर उसकटतात आणि त्याला वरून खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवर पडलेला तो माणूस तर अवाक्षर बोललेला नाही. तो मनात विश्वास धरून होता की सगळ्याला कंटाळून पडला होता, हे कुणी विचारतही नाही. माझ्या मते सध्या तुम्ही त्या बाजेवर आहात. तुम्ही छपरावर चढायची गरज नाही, तुम्हाला उचलणारे चौघे हवेत.

मला ते मिळाले. आमच्या महिला मंडळातल्या एक वयस्कर बाई होत्या, जुन्या बायबलबाईंच्या, म्हणजे घरोघरी बायबल शिकवणाऱ्या बायकांच्या घराण्यातल्या. त्या एस्टीने यायच्या, पिशवीतून स्टीलचा डबा काढायच्या, त्यात पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मी जेवेपर्यंत काही बोलायच्या नाहीत. मग चष्मा चढवून एक स्तोत्र वाचायच्या, सावकाश, बोट ओळीवर ठेवून, शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांना त्रास होणार नाही इतक्या हळू आवाजात. ‘आता तू प्रार्थना कर’ असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही. आमेन म्हणायचं की नाही, हेही माझ्यावर सोडलेलं. मी बरेचदा म्हणायचे नाही. त्या डबा उचलायच्या, नळावर विसळायच्या आणि साडेचारची गाडी पकडायच्या.

प्रत्यक्ष माणूस नसेल तर पाठ असलेलं म्हणा. आम्हा प्रोटेस्टंट लोकांना उत्स्फूर्त प्रार्थनेचा फार अभिमान. पाठ म्हटलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची, असं आम्हाला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा ती रात्र-रात्र रोझरीचे, म्हणजे जपमाळेचे मणी ओढत बसायची. डोकं बधिर झालं की बोटं प्रार्थना करतात, असं ती म्हणायची. मला ते पटलं. प्रभूची प्रार्थना, तेविसावं स्तोत्र, गीतपुस्तकातलं एखादं पद, जे तोंडात बसलंय ते म्हणा. अर्थाकडे लक्ष गेलं नाही तरी चालेल. तेही जमलं नाही तर गप्प बसा. आपल्याला काय मागावं हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहिलंय.

वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेतही बघा. येशू तीनदा प्रार्थना करतो, पण त्याआधी पेत्र, याकोब, योहान यांना बरोबर नेतो आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवतो. ते झोपतात ती गोष्ट वेगळी. पण त्यालासुद्धा त्या रात्री एकट्याने ते पेलायचं नव्हतं, मग तुम्ही का आपल्याशीच झगडत बसलात?

‘विश्वास वाढवा’वाल्यांचं मला खरंच काय करावं कळत नाही. आमच्याकडेही एक फिरते प्रचारक आले होते. घरात काहीतरी लपलेलं पाप आहे, ते कबूल केल्याशिवाय आजार हटणार नाही, असं त्यांनी यजमानांच्या तोंडावर सांगितलं. डायलिसिसच्या सुयांसाठी फिस्टुला केलेला हात उशीवर ठेवून यजमान ऐकत होते. नंतर मला म्हणाले, ‘चहा दिलास ना त्यांना?’ मी दिला नव्हता.

बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं आली, तेव्हा त्याचे मित्र आधी सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तिथवर ते उत्तम मित्र होते. मग बोलू लागले, कारणं शोधू लागले, तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणू लागले. शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर. ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना सुनावतो. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं, कुणी पाप केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, ह्यानेही नाही, त्यांनीही नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं उत्तर मिळालं. आता पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

आपल्याकडचंच पाहायचं तर पंडिता रमाबाई आहेत. दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली, पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच 1882 मध्ये पती कॉलऱ्याने गेले. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधीचं, म्हणून कुणी म्हणेल की तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. बरं. पुढे त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, तिथल्या मुली-बायकांच्या प्रार्थनांनी 1905 साली जे पुनरुज्जीवन, म्हणजे विश्वासाची जी नवी जागृती झाली त्याची साक्ष आमच्या मंडळ्यांतून आजही दिली जाते. आणि त्याच रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा, मिशनचा सगळा भार जिच्यावर सोपवायचा होता ती, 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करत होत्या. ते त्यांनी पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. विश्वासाच्या मापाने आयुष्य वाढत असतं तर मनोरमा म्हातारी होऊन गेली असती.

मग प्रार्थना करायचीच कशाला, असं तुम्ही विचाराल. मी तर बरं होण्यासाठीच मागत होते, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, आणि तुम्हीही मागा. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणायची घाई करू नका. येशूनेसुद्धा आधी ‘हा प्याला टळू दे’ असं स्पष्ट मागितलं. मला मिळालं ते वेगळं होतं, आणि ते मागितलेल्याच्या बदल्यात मिळालं असा हिशोब मी मांडत नाही. माझं मागणं अजून तसंच आहे.

तुम्ही लिहिलंय की रात्र-रात्र झोप नाही आणि जेवणावर वासना नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला देतो. तेव्हा बहिणीला किंवा भावाला आळीपाळीने रात्र वाटून द्या. असंच चालू राहिलं किंवा जगण्यातच अर्थ वाटेनासा झाला तर डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 वर आहे, मराठीत बोलता येतं. मी गोळ्या घेतल्या होत्या काही महिने. त्याने माझ्या ख्रिस्तीपणात काही फरक पडला नाही.

लेकीला खरं तेच सांगा. आजी खूप आजारी आहे, डॉक्टर प्रयत्न करताहेत, आपण देवाकडे मागतोय, आणि ती बरी होईल की नाही हे बाबांनाही माहीत नाही. ‘तू चांगली प्रार्थना केलीस की आजी घरी येईल’ हे चुकूनही म्हणू नका. नाही आली तर पोर स्वतःला दोषी धरेल. उद्या वाईट काही झालंच तर ‘देवाला आवडली म्हणून नेली’ हेही नको. मुलं त्यावर विचार करतात आणि रात्री घाबरून उठतात. येशू आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी रडला, हे मात्र जरूर सांगा. आयसीयूत मुलांना सोडत नाहीत, तर तिच्या आवाजात एखादं गीत फोनवर रेकॉर्ड करा आणि भेटीच्या वेळी सिस्टरला विचारून आईच्या कानाशी लावा.

तुमची हरकत नसेल तर येत्या बुधवारी आमच्या महिला मंडळात तुमच्या आईसाठी प्रार्थना ठेवते. नाव कळवायची गरज नाही, ‘एका भावाची आई’ एवढं पुरे. त्या दिवशी तुम्ही प्रार्थना नाही केलीत तरी चालेल.