लायपेज इलेक्ट्रोड तेल का ओळखत नाही?

प्रश्न : पीएच मीटरच्या काचेच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला लायपेजचे (तेल-चरबी फोडून आम्ल मोकळे करणारे विकर) द्रावण लावून वरून डायलिसिसचा पडदा रबरी रिंगने बसवला. बफर (पीएच टिकवून धरणारे द्रावण) 10 मिलिमोलर फॉस्फेट, पीएच 7. ट्रायब्युटिरिन (लहान साखळीची चरबी, फुटली की ब्युटिरिक आम्ल देते) टाकले की पीएच थोडा उतरतो, पण शेंगदाणा तेलाचे इमल्शन (पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात पसरलेले तेल) टाकले तर आकडा हलत नाही. लायपेज खराब झाले असेल का?
– महाविद्यालयीन वाचक, सांगली

उत्तर : लायपेज ठणठणीत आहे, आडवा येतोय तो पडदा. ही रचना ग्लुकोजच्या इलेक्ट्रोडची. ग्लुकोज विरघळलेले असते, ते पडद्याच्या नॅनोमीटरभर छिद्रांतून सहज आत जाते. तेलाचा थेंब मात्र घोटून घोटून मायक्रॉनच्या घरात येतो. तो बाहेरच राहणार. ट्रायब्युटिरिन पाण्यात किंचित विरघळते, म्हणून तेवढेच आत शिरले.

तेव्हा पडदा काढा आणि लायपेज बाहेरच्या बाजूला उघडे ठेवा. 10 मिलिग्रॅम लायपेज आणि 20 मिलिग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातले प्रथिन) 0.2 मिलि फॉस्फेट बफरमध्ये (50 मिलिमोलर, पीएच 7) विरघळवा. त्यात 2.5 टक्के ग्लुटराल्डिहाइडचे (प्रथिने एकमेकांना सांधणारे रसायन) 50 मायक्रोलिटर मिसळून लगेच नायलॉनच्या बारीक जाळीच्या सेंटिमीटरभर तुकड्यावर पसरा. तासाभरात थर घट्ट होतो. इथे ट्रिस बफर चुकूनही वापरू नका: त्याचा अमाइन गट ग्लुटराल्डिहाइड खाऊन टाकतो आणि थर लिबलिबीतच राहतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. जाळी भरपूर धुऊन रिंगने टोकावर ताणून बसवा.

आता मोजणीचे बफर. ब्युटिरिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे आम्ल प्रोटॉन सोडते तो) 4.8, त्यामुळे पीएच 7 ला ते पूर्ण आयनित होते. तेलातली लांब साखळीची आम्ले त्या पीएचला बरीचशी तशीच राहतात, प्रोटॉन सोडत नाहीत. म्हणून पीएच 8.2 धरा. फॉस्फेटऐवजी 1 मिलिमोलर ट्रिस, 100 मिलिमोलर मीठ आणि 5 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घ्या. कॅल्शियम सुटलेल्या आम्लाचा साबण करून त्याला थेंबाच्या पृष्ठभागावरून हटवते. फॉस्फेट असेल तर त्याचाच साका बसतो. 10 मिलिमोलर बफरमध्ये 0.1 मिलिमोलर आम्ल सुटले तर इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजमध्ये जेमतेम 1 मिलिव्होल्ट फरक पडतो, 1 मिलिमोलरमध्ये 10.

कमकुवत बफरची किंमतही मोजावी लागते. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच आपोआप उतरतो, आणि ट्रिसचा पीएच अंशभर तापमानाने 0.028 हलतो, म्हणजे दीड मिलिव्होल्टहून अधिक. पाणी उकळून झाकून गार करा, बीकर पाण्याच्या टबात ठेवा. शिवाय नुसत्या अल्ब्युमिनच्या जाळीचा दुसरा इलेक्ट्रोड शेजारी बुडवून त्याचे वाचन वजा करा. हा खर्च टाळू नये.

इमल्शनसाठी 10 टक्के अरबी डिंकाच्या 95 मिलि पाण्यात 5 मिलि तेल टाकून मिक्सरमध्ये थांबून-थांबून, गरम न होऊ देता पाच मिनिटे फिरवा. पीएच आधीच 8.2 ला आणा. लायपेज थेंबाच्या पृष्ठभागावर काम करते: थेंब 2 मायक्रॉनऐवजी 10 मायक्रॉनचे झाले तर त्याच तेलाचा पृष्ठभाग एक-पंचमांश उरतो. कालचे इमल्शन आज वापरलेत तर वाचन जुळणार नाही. 20 मिलि बफरमध्ये 1 मिलि टाका, ढवळण्याचा वेग कायम ठेवा, पहिल्या दोन मिनिटांचा उतार नोंदवा. प्रमाणरेषा त्याच तेलाची काढा. ट्रायब्युटिरिनची रेषा इथे लागू पडत नाही.

प्रश्न : पीएच मीटर महाग आहे. साधा मल्टिमीटर चालेल का?

उत्तर : थेट नाही. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध 100 मेगाओहमच्या आसपास, मल्टिमीटरचा 10. खरा व्होल्टेज अकरा पट घटून दिसेल. मध्ये सीए3140 हा ऑप-अँप (इलेक्ट्रोडवर भार न टाकता व्होल्टेज पुढे देणारी चिप) एकास-एक गेनने जोडा. त्याची इनपुट पिन सर्किट बोर्डाला न चिकटवता इलेक्ट्रोडची तार हवेतच पिनला डाखवा, कारण बोर्डावरचा घामट हाताचा ठसाही करंट गळायला पुरतो.