धमनीतल्या दाहक पेशी पेट स्कॅनमध्ये दिसतात, तर वडिलांचा स्कॅन करून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या अँजिओग्राफीत 40 टक्के ब्लॉकेज निघालं, डॉक्टर 'गोळ्यांवर ठेवू' म्हणाले, आणि पेट स्कॅनमध्ये धमनीतला दाह दिसतो असं तुमच्या वाचनात आलं. मग तो स्कॅन करून घ्यावा का? आधी उत्तर देतो: हृदयाच्या धमन्यांसाठी आज तरी नको. पण तुमची शंका रास्त आहे, म्हणून नीट लिहितो. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आहे; पेट (PET) स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून ते शरीरात कुठे साठतं हे दाखवणारा स्कॅन, वाचणं हे माझं रोजचं काम.

40 टक्के हे नळी आतून किती अरुंद झाली याचं माप आहे. भिंतीच्या आत काय शिजतंय हे त्यातून कळत नाही, आणि हार्ट अटॅक पुष्कळदा अशा प्लाकमुळे, म्हणजे भिंतीत साचलेल्या चरबीच्या थरामुळे येतो ज्याने वाट फारशी अडवलेलीच नव्हती. भिंतीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल मुरतं, ते साफ करायला रक्तातून पांढऱ्या पेशी आत शिरतात आणि तिथे त्यांच्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज होतात. त्या चरबी गिळून फुगतात, मरतात, आणि जिवंत असेपर्यंत अशी विकरं (एन्झाइम) सोडतात की प्लाकवरचं तंतूंचं आवरणच कुरतडलं जातं. हे आवरण 65 मायक्रोमीटरपेक्षा पातळ झालं, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीइतकं उरलं, की फुटण्याचा धोका मोठा. फुटलं की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि 40 टक्क्यांचे काही मिनिटांत 100 होतात.

या मॅक्रोफेज भुकेल्या असतात, साखर भराभर ओढतात. कॅन्सरच्या स्कॅनसाठी आम्ही जी किरणोत्सारी साखर टोचतो, एफडीजी, ती त्यांच्यातही साठते. कॅन्सरसाठी आलेल्या रुग्णांच्या महाधमनीची भिंत मंद उजळलेली मी अनेकदा पाहतो. 2002 मध्ये केंब्रिजच्या गटाने मानेतली कॅरोटिड धमनी अरुंद झालेल्या 8 रुग्णांचा असा स्कॅन केला. ज्या बाजूच्या प्लाकमुळे लक्षणं आली होती तिथे एफडीजी दुसऱ्या बाजूपेक्षा 27 टक्के जास्त साठलं होतं. शस्त्रक्रियेत काढलेले प्लाक तपासल्यावर साखर मॅक्रोफेज दाटलेल्या भागातच सापडली. रुग्ण मोजके होते, पण या विषयाला खरी चालना इथून मिळाली.

मान ठीक, हृदय अवघड. हृदयाचा स्नायू स्वतःच साखर खातो, त्यामुळे त्याच्या उजेडात बारीक धमनी हरवून जाते. त्याला साखरेवरून चरबीवर वळवण्यासाठी आधी विशेष आहार आणि मग उपवास करायला लावतात, तरी दर वेळी जमतंच असं नाही. शिवाय पेट कॅमेऱ्याला 4-5 मिलिमीटरपेक्षा लहान गोष्ट नीट वेगळी दिसत नाही. हृदयाची धमनी अख्खी मोजली तरी 3-4 मिलिमीटरची, आणि ती सतत हलती.

म्हणून साखर सोडून मॅक्रोफेजची दुसरी खूण शोधली गेली. चेतलेल्या मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचा एक रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं ती जागा असते. तिथेच चिकटणारा डोटाटेट नावाचा रेणू आम्ही न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठींच्या) स्कॅनसाठी वापरतोच. 2017 मध्ये तो 42 जणांच्या धमन्यांसाठी वापरून पाहिला गेला. हृदयाचा स्नायू तो फारसा घेत नाही, त्यामुळे हृदयाच्या धमन्या एफडीजीपेक्षा कितीतरी स्वच्छ वाचता आल्या. मला स्वतःला सगळ्यात जास्त आशा या वाटेची वाटते.

तरीही तुमच्या वडिलांना मी नको म्हणतो, कारण स्कॅनचा निकाल पाहून उपचार बदलले आणि त्यामुळे अटॅक टळले, हे अजून सिद्ध झालेलं नाही. भिंत उजळली तरी पहिलं औषध स्टॅटिनच, आणि नाही उजळली तरी ते बंद करता येणार नाही. स्टॅटिन नुसतं कोलेस्टेरॉल उतरवत नाही. ते सुरू केल्यावर धमनीतली एफडीजीची चमकही कमी होते, हे स्कॅनमध्येच दिसलं आहे. तेव्हा 'फक्त 40 टक्के तर आहे' म्हणून गोळी चुकवू देऊ नका. तंबाखू असेल तर आजच सुटली पाहिजे.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एलडीएल ठरवलेल्या पातळीखाली आलं का? आणि कमी मात्रेच्या कॉल्चिसिनचा विचार करायचा का? गाउट या सांधेदुखीवरचं, दाह कमी करणारं हे जुनं औषध 2020 च्या अभ्यासात हृदयविकार स्थिर असलेल्या 5,522 रुग्णांमध्ये रोज 0.5 मिलिग्रॅम तपासलं गेलं. ते घेणाऱ्यांमध्ये अटॅक, स्ट्रोक यांसारख्या घटना जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या. मात्र मूत्रपिंड कमजोर असेल किंवा काही ठरावीक औषधं चालू असतील तर ते घातक ठरतं, म्हणून मनाने मुळीच नको.

एक अपवाद. ताकायासू किंवा जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे मोठ्या धमन्यांच्याच दाहाचा आजार असल्याची शंका कुणी व्यक्त केली, तर हाच स्कॅन खरोखर उपयोगी असतो, आणि तो लवकर करावा लागतो. स्टेरॉइड सुरू होऊन काही दिवस गेले की चमक ओसरू लागते आणि आजार असूनही स्कॅन साफ दिसू शकतो.