विकिरण म्हणजे विखुरणं की शेक?

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आईला मधुमेह, म्हणून डॉक्टरांनी डोळ्याची ओसीटी, म्हणजे प्रकाशाने केली जाणारी डोळ्याच्या पडद्याची तपासणी, करायला सांगितली. तिथल्या मराठी माहितीपत्रकात वाक्य होतं, 'डोळ्यातील ऊतींकडून होणाऱ्या प्रकाशाच्या विकीरणावरून पडद्याची जाडी मोजली जाते.' ते वाचून आई खुर्चीतून उठल्याच. "शेजारच्या काकूंना कॅन्सरसाठी शेक दिला, तसलं काही मला नको." तर 'विकिरण' हा शब्द इथे चुकला का?

शब्द चुकला नाही, पण तिथे तो नको होता.

आपल्याकडे शाळेच्या विज्ञानात 'प्रकाशाचे विकिरण' म्हणजे प्रकाश विखुरणं. आकाश निळं का, याच्या उत्तरात तो आपण सगळ्यांनी घोकलेला आहे. पत्रक लिहिणारा सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्याच पुस्तकांवर वाढलेला असणार. व्युत्पत्तीही त्याच्या बाजूने आहे. 'कॄ' म्हणजे पसरणं, उधळणं. विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण ही सगळी त्याच घरातली. 'किरण'सुद्धा बहुधा तिथलाच, आणि गंमत म्हणजे संस्कृतात किरण या शब्दाचा धूळ असाही एक अर्थ आहे. वाड्याच्या माजघरात कौलातून उतरणारा कवडसा आठवा. तो कवडसा बाजूने दिसतो तो त्यात तरंगणाऱ्या धुळीमुळेच. धूळ नसती तर जमिनीवर फक्त उजेडाचा ठिपका पडला असता. धूळ आणि किरण एकाच शब्दात नांदले, हे मला फार आवडतं.

घोटाळा झाला तो शेजारून. हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन. त्यासाठी मराठी विज्ञानलेखनात 'प्रारण' आहे, पण तो पुस्तकाबाहेर फारसा पडलाच नाही. बातम्यांतून हिंदी अर्थ आत आला. लासलगावला कांद्यावर 'विकिरण प्रक्रिया' करतात ती गॅमा किरणांची. त्यामुळे आज एकाच शब्दात आकाशाचा निळा रंगही आहे आणि गॅमा किरणही. रुग्णालयात बसलेल्या माणसाच्या मनात यातलं आधी काय येणार, हे सांगायला नको.

आता आईंना समजवायचं असेल तर रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरा. बोटं लालबुंद उजळतात, पण आत हाडं असूनही त्यांची सावली काही उमटत नाही. लाल का, तर निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन गिळून टाकतं, लाल बराचसा सुटतो. आणि हाडं का दिसत नाहीत, तर मांसातून जाणारा प्रकाश सरळ जातच नाही. साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकं अंतर गेला की तो कशाला तरी अडखळून वाट बदलतो. दुधाच्या पेल्यापलीकडचं जसं दिसत नाही, तसंच हे. करोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच सुटलेल्या प्रकाशावर चालतो. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवायचे आणि कुठला किती गिळला गेला, त्यावरून रक्तातला प्राणवायू काढायचा.

ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, १९९१ साली अमेरिकेत एमआयटीच्या मंडळींनी मांडली. ती विखुरलेल्या प्रकाशातून निवड करते. पडद्याच्या एकेका थरावरून थेट माघारी फिरलेला प्रकाश ठेवायचा, आत दहा ठिकाणी भटकून आलेला टाकून द्यायचा. कुठला किती खोलवरून आला, हे त्याच उगमाच्या दुसऱ्या झोताशी ताडून कळतं. पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, पण त्यातले थर काही मायक्रोमीटरपर्यंत वेगळे दिसतात. मधुमेहात येणारी सूज पकडायला तेच हवं असतं. हा प्रकाश सौम्य, बहुधा अवरक्त. क्ष-किरणांशी याचा संबंध नाही, आणि शेकाशी तर नाहीच.

मग पत्रकात काय लिहावं? काही जण 'प्रकीर्णन' सुचवतील. शब्द निर्दोष आहे, पण रुग्णाला तोही अनोळखीच. 'परावर्तन' ओळखीचं, पण त्याने आरसा डोळ्यापुढे येतो आणि मुद्दा हुकतो. साधं क्रियापद वापरावं: 'डोळ्यात सौम्य प्रकाश सोडतात. पडद्याच्या थरांवरून विखुरून परत येणाऱ्या प्रकाशावरून पडद्याची जाडी कळते. यात क्ष-किरण नसतात.' 'ऊती'ही गाळल्या मी. शब्द सुंदर आहे, विणण्यावरून आलेला, इंग्रजीतला टिश्यूही विणण्यावरूनच. पण 'डोळ्याचा पडदा' म्हटल्यावर पुण्यातल्या कुठल्याही आजीला कळतं, तिथे ऊती कशाला?

आणि पत्रकात 'विकीरण' असं छापलंय, तेवढं चूकच. विकीर्णमधली 'की' दीर्घ, विकिरणमधली 'कि' ऱ्हस्व.