टोपणनावांनी बांधलेले गट

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेची निमंत्रणे मी ईमॅक्स या मजकूर-संपादकातूनच मेलने पाठवतो. आजीव सभासद, कार्यकारिणी आणि देणगीदार यांच्या याद्या तीन स्वतंत्र फायलींत आहेत. परंतु काही जण तिन्ही याद्यांत असल्याने पत्ता बदलला की तो एकीकडे दुरुस्त होतो आणि दुसरीकडे राहून जातो. उपाय सुचवावा. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अडचणीचे मूळ एकच पत्ता तीनदा लिहिण्यात आहे. ईमॅक्स आपल्या होम फोल्डरमधील 'डॉट-मेलआरसी' ही साधी मजकूर-फाइल वाचतो. तिच्यात एका ओळीत 'एलियस' हा शब्द, पुढे टोपणनाव आणि त्यापुढे पत्ता लिहावा. पत्त्याच्या जागी मोकळी जागा सोडून इतर टोपणनावेही लिहिता येतात, आणि सारी खुबी येथेच आहे. प्रत्येक व्यक्तीची एकच ओळ ठेवून गटाच्या ओळीत केवळ टोपणनावे लिहिली, की पत्ता एकदाच दुरुस्त करावा लागतो. मेल लिहिताना पत्त्याच्या रकान्यात गटाचे नाव लिहून स्वल्पविराम दिला की सर्व पत्ते आपोआप उमटतात. मजकुरात मात्र तो शब्द तसाच राहतो.

व्यक्तींच्या ओळी तयार करण्यासाठी तिन्ही याद्यांची प्रत एका बफरमध्ये (ईमॅक्समधील मजकुराच्या कामाच्या पानावर) घ्यावी, सर्व अक्षरे लहान लिपीत करावीत आणि मगच 'डिलीट-डुप्लिकेट-लाइन्स' ही दुबार ओळी काढणारी आज्ञा द्यावी; अन्यथा केवळ एका मोठ्या अक्षरामुळे तोच पत्ता दोनदा उरतो. पुढे एका ओळीवरील फेरफार (पत्त्याआधी 'एलियस' व टोपणनाव जोडणे) एफ-३ ने मॅक्रो, म्हणजे पुन्हा चालवता येणारी कळांची मालिका, म्हणून नोंदवावा, एफ-४ ने नोंदणी संपवावी आणि उरलेल्या ओळींवर तोच चालवावा. '@' च्या आधीचा भाग टोपणनाव म्हणून घेण्याचा मोह होतो, परंतु दोन व्यक्तींचा तो भाग सारखा निघाला तर निमंत्रण भलत्याच्या हाती पडेल. गटांच्या ओळी पूर्ण होईपर्यंत मूळ फायली पुसू नयेत.

फोन, घरचा पत्ता, वर्गणी अशा नोंदीही ठेवायच्या असतील तर बीबीडीबी हे ईमॅक्सला जोडायचे पत्तेवहीचे पॅकेज घ्यावे. त्यात गटाचे नाव व्यक्तीच्या नोंदीतच राहते, आणि शोधून समोर आणलेल्या सर्व नोंदींना तारांकन व 'ए' या दोन कळांनी एकदम गट जोडता येतो. केवळ निमंत्रणांसाठी, माझ्या मते, एवढा संसार मांडण्याची गरज नाही.

गटाचे नाव नेहमी 'बीसीसी'च्या (गुप्त प्रतीच्या) रकान्यात लिहावे, म्हणजे देणगीदारांचे पत्ते सर्व सभासदांसमोर उघडे पडणार नाहीत.